जाधव सरांची कांची

नौपाड्यातल्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत जाधव सरांची एक खुर्ची होती. तिच्यावर कुणाच्याही वह्या, कुणाचीही पर्स, एकदा तर स्नेहसंमेलनातला रावणाचा मुकुट महिनाभर पडून होता. सरांची काही तक्रार नसे, कारण ते त्या खुर्चीवर बसतच नसत. चहा उभ्याने, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने, आणि पेपर तपासायचे ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. एका हातात गठ्ठा, दुसऱ्यात लाल पेन. "सर, टेका हो जरा," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "टेकलो की गंजतो, बाई."

उंच, काटकुळे, पायात बारा महिने चामड्याच्या चपला. त्या चपलांचा फटक फटक आवाज जिन्यात ऐकू आला की नववीचा वर्ग आपोआप गप्प व्हायचा. ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. आमचे वर्ग शेजारी शेजारी होते आणि मधली भिंत पातळ होती, त्यामुळे माझा अर्धा इतिहास मी माझ्याच वर्गात, व्याकरण शिकवता शिकवता ऐकलेला आहे.

सर मूळचे कल्याण पूर्वेचे. बौद्ध कुटुंब, वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. पण मी ओळखायला लागल्यापासून त्यांनी कल्याण पश्चिम, डोंबिवली, पुन्हा कल्याण, मधेच कळवा असं इतक्या वेळा घर बदललं, की शाळेच्या क्लार्कने त्यांचा पत्ता पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली होती. त्यांच्या पत्नी एकदा संमेलनाला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "यांना भिंतींचा कंटाळा येतो हो. रंग सुकायच्या आत म्हणतात, आता पुढे कुठे?" त्या हसत हसत सांगत होत्या, पण हातातला रुमाल त्यांनी पिळून पिळून दोरीसारखा केला होता.

एका गावाचा मात्र सरांना कधी कंटाळा आला नाही. कांचीपुरम.

तिथल्या पल्लव राजांवर पाठ्यपुस्तकात जेमतेम अर्धं पान. सर त्या अर्ध्या पानावर पंधरवडा काढायचे. तरुणपणी त्यांनी एका चिनी भिक्षूचं प्रवासवर्णन वाचलं होतं. तो भिक्षू दक्षिणेत कांचीपर्यंत आला होता आणि तिथे त्याने पुष्कळ विहार पाहिले होते. ते वाचून सर पगार झाला तसे गाडीत बसले आणि कांचीला गेले. विहार काही सापडले नाहीत. सापडली देवळं, आणि प्रत्येक देवळाच्या दारात एक गोष्ट. "गेलो होतो विहार शोधायला, आणि देवांनीच गाठलं," असं ते सांगायचे. पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या पानाची उणीव भरून काढायला त्यांनी कांचीचा एक मोठा नकाशा स्वतः रंगवून वर्गात टांगला होता. देवळं तांबडी, तळी निळी, आणि नसलेले विहार शिसपेन्सिलीने, अंदाजे.

त्यांच्या गोष्टींपैकी मुलांची लाडकी एकच. भिंतीपलीकडून मी ती इतक्यांदा ऐकली की मलाही पाठ झाली.

"राजा शिष्याला म्हणाला, माझ्यावर कविता कर. शिष्य म्हणाला, मी माणसांवर कविता करत नाही. राजा म्हणाला, मग चालता हो माझ्या गावातून. शिष्य निघाला. त्याचा म्हातारा गुरू म्हणाला, हा चालला तर मी इथे राहून काय करू? तोही निघाला. आणि जाता जाता विष्णूच्या देवळात डोकावला." इथे सर वर्गाबाहेर जायचे आणि दारातून फक्त डोकं आत घालून म्हणायचे, "'काय रे, आम्ही चाललो. तुझा तो नाग गुंडाळ, काखेत मार आणि चल!'"

"आणि देव?" कुणीतरी विचारायचंच.

"देव उठला. शेषनाग सतरंजीसारखा गुंडाळला आणि निघाला त्यांच्या मागे. देव गेला म्हटल्यावर गावात उरलं काय? सगळीकडे अंधार. मग राजा धावत गेला, पाया पडला, तेव्हा तिघे परत आले. देवाने अंथरूण पुन्हा पसरलं, पण या वेळी डोकं केलं दुसऱ्या बाजूला. आजही तो तसाच, उलटा झोपलेला आहे. त्याचं नावच यथोक्तकारी. सांगितलं तसं करणारा."

एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे देवाने वॉकआउट केला?"

"केला. आणि मागणी मान्य झाल्यावरच परत आला."

"सॉलिड ना!"

मग फळ्यावर खडूने उभी रेघ ओढल्याचा आवाज यायचा. एका बाजूला गोष्ट, दुसऱ्या बाजूला पुरावा. "वहीत दोन्ही वेगळं ठेवायचं, राजे. डोक्यात मिसळलं तर मिसळू दे."

आता सविताची हकीकत सांगते. सविता आमच्याकडे तासिकांवर भूगोल शिकवायची. तिला दिवस गेले आणि पुढच्या सत्रापासून येऊ नका म्हणून तिला सांगण्यात आलं. कारण वेगळंच काहीतरी दिलं होतं, पण सगळ्यांना समजलं होतं. आम्ही शिक्षकांच्या खोलीत हळू आवाजात हळहळलो. जाधव सर खिडकीत उभे होते. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला, वर्गात गेले, खिळ्यावरून तो नकाशा काढला, गुंडाळला, काखेत मारला आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. नववीच्या मुलांना मात्र काखेतली गुंडाळी बघून काय चाललंय ते तत्काळ कळलं. खिडक्यांना मुलं लगडली. मुख्याध्यापिका तरातरा फाटकापाशी गेल्या.

"जाधव, हा काय प्रकार आहे?"

"गाव सोडलं, मॅडम."

"पोरांसमोर शोभतं का हे?"

"पोरांसमोरच शोभतं."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फाटकाबाहेर. शिकवायला तयार होते, पण फाटकाबाहेर. तिसऱ्या दिवशी सविताला वर्ष पूर्ण करू द्यायचं ठरलं. सर आत आले, नकाशा पुन्हा टांगला, पण फळ्यासमोरच्या, वर्गाच्या मागच्या भिंतीवर. वर्गातल्या मुलांना आता त्याच्याकडे पाठ करून बसावं लागायचं आणि कांची आली की अख्खा वर्ग उलटा वळायचा. मुख्याध्यापिकांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. मला वाटतं त्यांनाही ती गोष्ट एव्हाना कुणीतरी सांगितली होती.

पुढे सरांच्या पत्नी गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. त्यानंतर वर्षभराच्या आत त्यांची एकुलती मुलगी, वैशाली, चेन्नईला नोकरीला गेली. ती आर्किटेक्ट होती एवढंच आम्हाला ठाऊक. "कशी आहे लेक?" म्हटलं की "चेन्नईला असते," म्हणायचे. प्रश्न कशी आहे याचा, उत्तर कुठे आहे याचं. मी दोनतीनदा विचारलं आणि सोडून दिलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी कांचीची पहिली सहल काढली. नौपाड्यातली, डोंबिवलीतली निवृत्त मंडळी, वीसेक माणसं. मग दर डिसेंबरात एक सहल, निवृत्तीनंतरसुद्धा. जाऊन आलेले लोक म्हणायचे, माहिती अफाट आहे, पण माणूस पळवतो फार.

मी निवृत्त झाले त्या वर्षी मीही नाव दिलं.

कल्याणला आम्ही सगळे गाडीत चढलो आणि माझ्या समोरच्या बाकावर लेले पतीपत्नी आले. लेले काका बँकेतून निवृत्त झालेले, नौपाड्यातलेच. निघण्याआधी कांचीवरची मिळतील ती पुस्तकं वाचून आले होते. काकू गुडघ्यांनी बेजार, पण उत्साह दांडगा. दिवसभराच्या प्रवासात मी काकूंना सविताची आणि त्या नकाशाची हकीकत सांगितली, आणि ओघाने अंथरूण गुंडाळणाऱ्या देवाचीही. काकू खूश झाल्या. "तो देव बघायचाच आपण," म्हणाल्या. त्या तेवढ्यावरच थांबल्या नाहीत, लगेच उठून सरांना विचारून आल्या. परत आल्या त्या हिरमुसून. "म्हणतात, ते देऊळ आपल्या कार्यक्रमात नाही. बहुतेक बंद असतं."

मला नवल वाटलं. पंधरा वर्षं मुलांना जी गोष्ट सांगितली, तिचंच देऊळ कार्यक्रमात नाही?

अरक्कोणमला उतरून आम्ही मिनीबसने कांचीकडे निघालो. सर ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभे. बाहेर ताडाची झाडं, भाताची खाचरं. सर सांगत होते, "हे गाव आज देवळांचं. पण एक काळ असा होता की इथे बौद्ध विहार होते, जैन वस्त्याही होत्या. अजून एका भागाला जिनकांची म्हणतात. विहारांचं मात्र आता जमिनीवर काही दिसत नाही."

लेले काका म्हणाले, "जाधव, तुम्ही आम्हाला देवळं दाखवायला आणलंय ना?"

"देवळंच दाखवणार आहे."

"मग जे नाही त्याचं कशाला? तुम्ही बौद्ध आहात, ठीक आहे, पण आम्ही दर्शनाला आलोय."

 मी खिडकीबाहेर पाहू लागले. सर मात्र शांतपणे म्हणाले, "लेले, आहे ते तुम्हाला माझ्याशिवायही दिसेल. नाही ते दाखवायलाच माणूस लागतो." आणि पुढच्या वाक्याला त्यांनी थेट पल्लवांची हकीकत सुरू केली. लेले काका त्या दिवशी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. देवळात सर काही सांगू लागले की ते दोन खांब पलीकडे जाऊन आपलं पुस्तक उघडायचे.

कांचीत सर शाळेपेक्षाही अस्वस्थ होते. जेवताना दोनदा उठून बाहेर जाऊन यायचे. कुणाचा फोन वाजला तरी आपला खिसा चाचपायचे. सकाळी आम्ही नाश्त्याला उतरायचो तेव्हा ते कुठूनतरी चालून परत येत असत, चपला धुळीने भरलेल्या, चेहरा उतरलेला. नाश्त्याला लेले काकू त्यांना सकाळच्या गोळीची आठवण करायच्या, त्यामुळे आम्हाला वाटलं, शुगर असेल, फिरायला जात असतील.

चौथ्या दिवशी कैलासनाथाचं देऊळ. वालुकाश्माचं, झिजलेलं, सिंहांच्या खांबांचं. तिथे गाभाऱ्याभोवती एक अरुंद प्रदक्षिणेची वाट आहे. आत शिरायला आणि बाहेर पडायला एवढंसं भोक, सरपटतच जावं लागतं. जो त्यातून बाहेर पडला त्याचा नवा जन्म झाला, अशी समजूत. लेले काकू म्हणाल्या, "मी जाणार."

"तुला पायरी चढवत नाही," काका म्हणाले.

"सरपटायचंय, चढायचं कुठे आहे?"

आणि त्या गेल्यासुद्धा. मधल्या वळणावर गुडघा अडला. आतून आवाज आला, "अहो, मला पुढे होता येईना आणि मागेही!" काका पांढरेफटक पडले. सर बाहेरच्या भोकापाशी जमिनीवर पालथे झाले आणि तोंड आत घालून म्हणाले, "काकू, ऐकू येतंय? माझ्या आवाजाकडे यायचं. पार्वतीने नदीकाठी वाळूचं शिवलिंग केलं. आंब्याच्या झाडाखाली. ऐकताय ना?"

"ऐकतेय, पण..."

"एक हात पुढे. शंकराने तिची परीक्षा घ्यायला नदीला पूर आणला. दुसरा हात. पाणी चढतंय. वाळूचं लिंग, वाहून जाणार. पार्वतीला काही सुचेना. मग तिने काय केलं?"

"काय केलं?"

"ते इकडे आल्यावर सांगतो."

दोन मिनिटांनी काकूंचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले, पातळ धुळीत माखलेलं. पहिला शब्द, "मग काय केलं हो तिने?"

"मिठी मारली," सर म्हणाले. "लिंगाला घट्ट मिठी मारून बसली. पाणी उतरलं."

काकूंनी डोळे पुसले. काका सरांजवळ आले आणि त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झटकली.

त्याच दुपारी मंडळी खोल्यांवर आडवी झाली असताना काकूंनी पुन्हा विषय काढला. "सर, नवा जन्म झालाय माझा. तो झोपलेला देव दाखवा." आता नाही म्हणणं सरांना कठीण होतं. "बंद असेल," ते पुटपुटले. "बंद असलं तर दार बघून येऊ," काकू म्हणाल्या. आम्ही रिक्षाने निघालो. लेले पतीपत्नी, मी, आणि ड्रायव्हरशेजारी कडेला टेकलेले सर.

देऊळ लहान, शांत होतं. थोडा वेळ बाहेर थांबावं लागलं, मग उघडलं. गाभाऱ्यात विष्णू खरोखरच उलटा पहुडलेला. काकू हात जोडून त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या, जसं एखाद्या शब्दाला जागणाऱ्या भाच्याकडे बघावं. तेवढ्यात पुजारी पुढे झाले. आम्ही परगावचे, हे ओळखून त्यांनी मोडक्या इंग्रजीत दुसरीच गोष्ट सुरू केली. "बिफोर दॅट, अनदर स्टोरी. ब्रह्मा डुइंग यज्ञ. सरस्वती व्हेरी अँग्री. शी बिकम रिव्हर. वेगवती! कमिंग फुल फोर्स!" दोन्ही हातांनी त्यांनी पूर दाखवला. "पेरुमाळ कम अँड लाय डाऊन. अॅक्रॉस. लाइक धिस." "पेरुमाळ" म्हणताना त्यांनी विष्णूकडे बोट केलं आणि मग दंड आडवा धरला. "रिव्हर स्टॉप."

मी वळून पाहिलं तर सर नव्हते.

ते बाहेर, चपला काढल्या होत्या तिथे उभे होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. मी जवळ गेले तसे म्हणाले, "ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, बाई. घरी सांगायचो. वैशालीला. झोपताना तिला हीच लागायची. नदी येते आणि देव आडवा होतो."

मी त्यांची दुसरी चप्पल पायाजवळ सरकवली.

"तिची ठाण्यातली नोकरी ठरली होती. मीच बघितलेली. हिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि एके दिवशी सकाळी म्हणते, बाबा, मला चेन्नईला काम मिळालंय, जुन्या देवळांच्या दगडांची दुरुस्ती करणारी माणसं आहेत, दुपारची गाडी आहे. आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता. बरोबर होतं तिचं. मी नाहीच म्हटलं. मग ओरडलो. मग दारात आडवा पडलो."

मला वाटलं ही बोलायची पद्धत. "म्हणजे, अडवलंत."

"म्हणजे आडवा पडलो, बाई. उंबऱ्यावर. शाळेत जायचे कपडे अंगावर. म्हटलं, जायचं तर बापाला ओलांडून जा." त्यांनी दुसऱ्या चपलेत पाय घालायचा प्रयत्न केला, तो घुसेना. "ती म्हणाली, बाबा, उठा ना, समोरचे बघतायत. मी डोळे मिटून घेतले. तिने बॅग खाली ठेवली. मला वाटलं, थांबली. गोष्टीत थांबतेच ना. तिने माझ्या पायांना हात लावला, नमस्कार केला, बॅग उचलली आणि ओलांडून गेली. इतकी जपून, की तिच्या ओढणीचा स्पर्शसुद्धा झाला नाही. मी पडूनच. समोरच्या वहिनी पाणी घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं हार्ट अटॅक."

ते हसले. मला हसता आलं नाही.

"बोलणं होतं का?"

"फोन करते. बुद्धपौर्णिमेला, हिच्या स्मृतिदिनाला. जेवलात का, जेवलो. उकाडा आहे का, आहे. घरी ये असं मी म्हणत नाही, तुम्ही या असं ती म्हणत नाही."

"चेन्नई इथून किती लांब आहे?"

"दोन तास. बस सारख्या असतात."

"आणि तुम्ही दर वर्षी इथवर येता."

"कशाला येतो वाटतं तुम्हाला? देवळं काय पळून जातायत? रोज सकाळी बस स्टँडपर्यंत चालत जातो. चेन्नईची बस लागलेली असते. कंडक्टर ओरडत असतो. ती सुटली की परत येतो."

लेले काकू मागे येऊन कधी उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. काकाही. किती ऐकलं होतं माहीत नाही, पण काकूंचा चेहरा सांगत होता की पुरेसं.  मग सरच म्हणाले, अगदी सहलीची सूचना द्यावी तशा आवाजात, "लेले, मला चेन्नईला जायचंय."

"केव्हा?"

"आत्ता. उद्या विचाराल तर जाणार नाही."

"आणि उद्याचा कार्यक्रम? एवढी माणसं?"

"तुम्ही न्या."

"मी? मला काय येतंय?"

"सगळी पुस्तकं वाचून आलात की. चुकलं तरी देव उठून बोलणार नाहीत."

लेले काका घसा खाकरले. "जा. आणि हे बघा जाधव, तिच्याकडे पोचल्यावर इतिहास सांगत बसू नका."

आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पहिली बस लागली, सर म्हणाले, गर्दी आहे. दुसरी रिकामी होती, सर म्हणाले, ही फार थांबत थांबत जाते. तिसरी आली तेव्हा काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसतं म्हणाल्या, "चढा." तेव्हा ते चढले.

त्या रात्री त्यांचा काही निरोप आला नाही. सकाळी लेले काकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि एकाम्रनाथाच्या देवळात नेलं. आंब्याच्या झाडापाशी उभं राहून पार्वतीची गोष्ट सांगितली, बरीचशी बरोबर. मग पुस्तक मिटून म्हणाले, "आणि इथे पूर्वी बौद्ध विहार होते. मी स्वतः अजून वाचलेलं नाही, पण जाधव सरांनी सांगितलंय, म्हणजे असणार." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. 

परतीच्या गाडीसाठी आम्ही अरक्कोणमला आलो, तर सर फलाटावर हजर. शेजारी एक उंच, काटकुळी, तिशी ओलांडलेली बाई, खांद्याला कापडी पिशवी, नखांत चुन्यासारखं पांढरं काहीतरी. ओळख करून द्यायची गरजच नव्हती. सर प्रत्येकाची जागा सांगत, सामान मोजत फलाटावर इकडून तिकडे धावत होते. "मी चार दिवस मागे राहतोय," एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं. मी वैशालीला विचारलं, "सर आले तेव्हा घरी होतीस का गं?"

"कामावर होते. हे खाली गेटपाशी उभे. वॉचमनला मराठीत सांगत होते की माझी मुलगी वर काम करते. त्याला काही कळेना. मी वरून आवाज ओळखला." ती थांबली. "मला वाटलं, कल्याणला काहीतरी झालंय, कुणीतरी गेलंय. दोन दोन पायऱ्या उतरत खाली आले. विचारलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, असाच आलो."

ते चार दिवस पुढे महिना झाले. सगळं सुरळीत झालं असं नाही. महिन्याने भांडण झालं आणि सर कल्याणला परत आले. पावसाळ्यात पुन्हा गेले. आता अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे. मधे तिने एकदा फोन करून मला विचारलं, "मॅडम, बाबा कुठे आहेत? इथून कालच निघाले," आणि सर डोंबिवलीत एका मित्राकडे सापडले. सहल त्यांनी सोडून दिली. कांचीला ते दोघं एकदा जाऊन आले म्हणतात. काय पाहिलं, काय बोलले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या प्रवासानंतर माझी त्यांची प्रत्यक्ष भेट नाही, फोन तेवढे होतात.

म्हणून सर म्हटले की मला दिसतात ते अरक्कोणमच्या फलाटावर. गाडी सुटली होती. आम्ही सगळे खिडक्यांतून हात हलवत होतो, आणि सर आमच्या डब्याबरोबर चालत काकांना जेवण कुठल्या स्टेशनवर चांगलं मिळतं ते सांगत होते. त्यांच्यामागे वैशाली.  काकू खिडकीच्या गजांना तोंड लावून ओरडल्या, "अगं पोरी, बाबांची सकाळची गोळी बघ हं! विसरतात!"

वैशाली तिथेच थांबली. "कसली गोळी?"

गाडीने वेग घेतला होता. काकूंचं उत्तर तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. ती सरांकडे वळलेली मला दिसली. सर फलाटाच्या छपराकडे बघत होते. तिने त्यांचा दंड धरून त्यांना स्वतःकडे वळवलं, आणि गाडीच्या आवाजातूनही तिचा आवाज आला, चिडलेला, घाबरलेला.

"बाबा, कसली गोळी? कधीपासून?"